गेले, म्हणजे कुठे?

त्या पत्राला वेळेवर उत्तर धाडलं असतं तर पुढचं रामायण घडलंच नसतं, असं गजानन अष्टपुत्र्यांना नंतर अनेकदा वाटलं. पत्र होतं तरी केवढं! चार ओळींचं. मे महिन्यात आलेलं. पांढऱ्या लिफाफ्यात, सोबत परतीचा लिफाफा, त्याला तिकीट लावायचीसुद्धा गरज नाही. मजकुरात एकच प्रश्न : ‘आपण या पत्यावर राहता का?’ खाली दोन चौकोन. हो. नाही. एकात खूण करायची आणि लिफाफा पेटीत टाकायचा.

अष्टपुत्रे अडले ते ‘पत्यावर’पाशी.

चाळीस वर्षं त्यांनी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासली होती. पत्ता या शब्दाला दीड त लागतो. एका त वर माणसाने राहायचं कसं? चूक लाल शाईने दुरुस्त करून पाठवावी, तर वाचणाऱ्याला वाटेल, कोण हा शहाणा. तशीच सोडावी, तर हात धजेना. त्यांनी तीन मसुदे केले. एक फार कडक झाला, एक फार लाचार, तिसऱ्यात त्यांचीच वेलांटी चुकली. शेवटी पत्र शब्दकोशात ‘प’च्या पानात ठेवलं आणि उद्या पाहू म्हणाले. अष्टपुत्र्यांच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशा कुठल्या ना कुठल्या पानात उद्याची वाट पाहत होत्या.

पत्र पाठवलं होतं ‘हजेरी’ने. आता ही हजेरी काय, ते सांगायला हवं.

पूर्वी मतदारयादी म्हणजे कागदांचा गठ्ठा असे. शाळेतले शिक्षक तो काखेत मारून उन्हातान्हात दारोदार फिरत, आणि तरीही यादीत मेलेली माणसं राहत अन् जिवंत गळत. मग कुणीतरी डोकं लढवलं, की यादीच जिवंत करावी. प्रत्येक नावापुढे एक आकडा आला. माणूस जगतो म्हणजे खुणा सोडतो. विजेचं मीटर फिरतं, एसटीचं कार्ड यंत्राला टेकतं, दवाखान्यात नंबर लागतो, फोन वाजतो आणि उचलला जातो. खूण दिसली की आकडा चढे. खूण न दिसलेल्या प्रत्येक दिवशी तो थोडा उतरे, कपातला चहा निवत जावा तसा. पार निवला की हजेरी आधी पत्र पाठवी, मग फोन करी, आणि तरीही दाद लागली नाही तर शेजाऱ्यांना विचारी.

फोनवर बोलणारं माणूस नसे. ते यंत्र कोट्यवधी संभाषणं ऐकून मराठी शिकलेलं होतं. शब्दाचा अर्थ त्याने कोशात पाहिलेला नव्हता. कुठला शब्द कुणाच्या शेजारी बसतो हे मोजून मोजून त्याने अर्थ हेरायची विद्या कमावली होती. ‘चहा’च्या आसपास ‘साखर’ दिसते, ‘कप’ दिसतो, ‘घ्या ना’ दिसतं; त्यावरून चहा म्हणजे काय ते कळतं. शब्दाची ओळख शेजाऱ्यावरून. शिवाय आवाज भरून आलाय की हसरा आहे, हेही त्याला कळे. फारसं चुकत नसे ते.

निंबसर या तालुक्याच्या गावी, तेली गल्लीच्या टोकाला, दोन खोल्यांत अष्टपुत्रे एकटे राहत. बायको सुमती जाऊन सात वर्षं झाली होती. वाचायला उजेड दिवसाचा, झोप दिवेलागणीनंतर लगेच. मग मीटर फिरणार कसं? वाचनालयात जायचं ते पायी, मग एसटीचं कार्ड कशाला? फोन वाजला की ते तो थांबेपर्यंत त्याच्याकडे पाहत बसत. अनोळखी नंबर उचलून बोलायचं काय, हा प्रश्न त्यांना कधीच सुटला नव्हता. बोलायचं खातं सुमतीकडे होतं. हजेरीच्या हिशेबी हा माणूस हळूहळू निवत चालला होता.

सप्टेंबरात एके सकाळी हजेरीने समोरच्या इंदूवहिनी कणशांना फोन लावला. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती.

“नमस्कार. समोरच्या घरात राहणारे गजानन अष्टपुत्रे आहेत का?”

इंदूवहिनी चाळीस माणसांच्या जेवणाचे कांदे चिरत होत्या. खानावळ होती त्यांची. डोळ्यांना धारा, नाकाला पदर.

“कोण, मास्तर व्हय? ते गेलं.”

“कधी गेले?”

“आत्ता, सकाळी आठाला,” वहिनींनी जोराने नाक ओढलं.

“फार वाईट झालं. आपण त्यांना ओळखत होता?”

“म्हंजे काय! समूरच तर ऱ्हायाचं. देवमाणूस.” पुन्हा नाक. “बरं ठेवू का? लई काम पडलंय.”

हजेरीने आवाजातल्या हुंदक्यांची नोंद घेतली आणि फोन ठेवला. त्या वेळी अष्टपुत्रे वाचनालयात वर्तमानपत्रातल्या चुका मोजत बसले होते.

आठवड्याने त्यांना दुसरं पत्र आलं. ‘कै. गजानन विष्णू अष्टपुत्रे यांचे कुटुंबीय’ यांच्या नावे. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. या पत्त्यावरील त्यांचे नाव मतदारयादीतून वगळण्यात आले आहे.

अष्टपुत्र्यांनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं, की या खेपेला ‘पत्त्यावर’ बरोबर छापलं आहे. आपण वारलो, हे दुसऱ्यांदा लक्षात आलं.

यादी मदत केंद्र बाजारपेठेत, जुन्या गोदामात होतं. अष्टपुत्रे दारापर्यंत दोनदा जाऊन परत फिरले. तिसऱ्यांदा आतल्या बाईंनीच हाक मारली. रूपाली खंदारे त्यांचं नाव, वय तिशीचं, बोलणं झपाझप.

“या आजोबा. नाव घालायचंय, काढायचंय, की दुरुस्त करायचंय?”

“काढलंय,” अष्टपुत्रे म्हणाले. “म्हणजे, मी वारलोय असं झालंय. तुम्हाला त्रास होणार असेल तर नंतर येतो.”

रूपालीबाईंनी त्यांचा अंगठा काचेवर ठेवायला लावला. संगणकाचा पडदा पाहून त्यांनी कपाळावर हात मारला.

“अंगठा जुळतोय. पण मेलेल्या माणसाशी जुळतोय! नोंद बंद झाली की ती उघडत नाही. मेलेल्यांच्या नावावर मतं पडायची ना पूर्वी, म्हणून तसा नियम केलाय. ओळखपत्र दाखवलं, तर तेही मेलेल्याचंच.”

“मग या निवडणुकीला...?”

“सोपा रस्ता आहे की. नमुना सहा भरा, नवीन मतदार म्हणून. अठरा वर्षांची पोरं भरतात तो. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत मुदत आहे. इथे सही करा, मी आत्ता चढवते.”

अष्टपुत्र्यांनी पेन घेतलं. सवयीने आधी मजकूर वाचला. शेवटची ओळ होती : ‘मी असे घोषित करतो की, यापूर्वी माझे नाव कोणत्याही मतदारयादीत नव्हते.’

पेन तिथेच थांबलं.

चारशे बारा आणि चारशे तेरा. बारा वर्षं इथल्या यादीत त्यांचं आणि सुमतीचं नाव असं एकाखाली एक होतं. रांगेत ती पुढे, हे मागे. टेबलापाशी ती खणखणीत आवाजात दोघांची नावं सांगे, म्हणजे यांना बोलावं लागू नये. मतदान झालं की बाहेर येऊन विचारी, “कुणाला दिलंत?” हे म्हणत, “गुप्त असतं.” आणि ती वाटभर हसे. ती गेल्यावर तिचं नाव वगळायचा नमुना सात त्यांनीच भरला होता, एकही खाडाखोड न करता. आणि आता स्वतःच्या सहीने म्हणायचं, की यातलं काहीच नव्हतं?

“ही ओळ... खोटी आहे,” ते पुटपुटले.

“अहो, कोण वाचतं ती!”

“मी वाचली ना.”

रूपालीबाईंनी नमुना बाजूला सारला. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज उतरवून म्हणाल्या, “दुसरा रस्ता आहे. शेजार-साक्ष. तुमच्या घरापासून दोनशे पावलांत राहणारी तीन माणसं हवीत. त्यांनी हजेरीशी बोलायचं. तुमचं पूर्ण नाव सांगायचं, तुम्हाला कसे ओळखतात ते सांगायचं. तिची खात्री नव्वद टक्क्यांवर गेली तर नोंद उघडते. मीच यंत्र घेऊन येईन उद्या अकराला. येतील ना तीन माणसं?”

अष्टपुत्रे “हो” म्हणाले. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

घरी येऊन ते खुर्चीत बसून राहिले. तीन माणसं! एकोणीस वर्षं या गल्लीत राहून आपण कुणाकडे वाटीभर साखरसुद्धा मागितली नाही. आपल्यासाठी कुणी दुकान सोडून का यावं? एका मताने सरकार थोडंच पडणार आहे? सही करून मोकळं झालो असतो तर कुणाला कळलं असतं? उत्तर लगेच आलं : आपल्याला. ते उठले, चपला घातल्या आणि गल्ली ओलांडली. तेवढी बारा पावलं त्यांना घाट चढल्यासारखी वाटली.

इंदूवहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि मटकन उंबऱ्यावर बसल्या.

“अगं बया! माझ्याच तोंडातनं गेलं की वं हे! मी म्हनलं, ते गेलं. येतील दुपारी, असं म्हनायला पायजे व्हतं. आमची सासू म्हनायची, माणूस भायेर गेला तर ‘गेला’ म्हनू नये, ‘येतोय’ म्हनावं. जीभ झडू दे माझी.”

“नको नको, जीभ उद्या लागणार आहे,” अष्टपुत्रे घाबरून म्हणाले.

वहिनी रडता रडता हसल्या. आत जाऊन गूळ घेऊन आल्या आणि त्यांच्या हातावर ठेवला. “खोटी खबर आली की आयुष्य वाढतं मास्तर. शंभर वर्षं बघा आता.”

“वहिनी, पूर्ण नाव सांगावं लागेल. मी गजानन विष्णू अष्टपुत्रे.”

“म्हंजे मास्तर न्हाई तुम्ही?”

“नाही. कधीच नव्हतो. मी छापखान्यात होतो.”

“मग एकोनीस वर्सं आमी मास्तर मास्तर करतोय, ते?”

अष्टपुत्र्यांनी मान खाली घातली. “चूक होती. पण ऐकायला बरं वाटायचं.”

दुसरे सलीमभाई मोमीन, कोपऱ्यावरचे शिंपी. तिसरे बाबूराव थोरवडे, एसटीचे निवृत्त कंडक्टर. अष्टपुत्रे दोघांच्या दारात जाऊन, वहीत लिहून पाठ केलेलं वाक्य म्हणाले : “मी गजानन अष्टपुत्रे, आपल्या समोरच्या बाजूला राहतो.” दोघेही खो खो हसले. बाबूराव म्हणाले, “आन् मी बाबूराव, तुमच्या मागल्या बाजूला ऱ्हातो. बसा, चा घ्या.”

दुसऱ्या दिवशी अकराला सलीमभाईंच्या दुकानात मंडळी जमली. रूपालीबाईंनी कापायच्या टेबलावर साबणाच्या वडीएवढं यंत्र ठेवलं. अष्टपुत्र्यांना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं होतं. साक्ष चालू असताना अर्जदाराने मध्ये बोलू नये, असा नियम.

“नमस्कार,” यंत्रातून बाईचा मऊ आवाज आला. “पहिले साक्षीदार. समोर बसलेल्या व्यक्तीचं पूर्ण नाव सांगा.”

इंदूवहिनींनी पदर सावरला, खाकरल्या आणि ठणकावून सांगितलं, “गजानन विष्णू अष्टविनायके.”

“नाव जुळत नाही.”

“अगं बया! गणपतीच आला बघा तोंडात. थांबा थांबा. आठ... आठ पोरांचं आडनाव हाय वं!”

“मदत चालणार नाही,” हजेरी म्हणाली.

“मदत न्हाई, आठवतीय मी! अष्ट... अष्टपुत्रे!”

सलीमभाईंनी टाळी वाजवली. हजेरी म्हणाली, “नाव जुळलं,” आणि यंत्राच्या पडद्यावर आकडा उमटला : एकतीस.

सलीमभाईंनी नाव नीट सांगितलं. “यांना कसं वळखतो म्हणता? माझ्या रुबिनाच्या लग्नाची पत्रिका यांनी तपासली. ‘आशीर्वाद’ चुकला होता छापखान्याकडून. गल्लीतल्या सगळ्या पत्रिका, अर्ज, पोरांचे निबंध, आम्ही यांच्या दाराखालून सरकवतो. सकाळी लाल शाईत नीट होऊन परत आमच्या दाराखाली. एक शब्द बोलत नाही हा माणूस. पण यांनी तपासल्याबिगर या गल्लीत लग्न होत नाही.”

बाबूराव म्हणाले, “सकाळी आठाला यांच्या चपला माझ्या खिडकीखालनं वाजतात. त्या वाजल्या की मी ब्लडप्रेशरची गोळी घेतो. घड्याळ बंद पडलंय माझं दोन वर्सं. मी म्हनलं, नवं कशाला?”

स्टुलावर बसल्या बसल्या अष्टपुत्र्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुसतच राहिले.

आकडा बहात्तरवर चढला आणि थांबला.

“विसंगती शिल्लक आहे,” हजेरी म्हणाली. “पहिल्या साक्षीदार दूरध्वनीवर म्हणाल्या होत्या, ‘ते गेले.’ आवाज शोकाकुल होता.”

“कांदं चिरत व्हते मी! आन् गेलं म्हंजे वाचनालयात गेलं!”

“मी ‘कधी गेले’ असं विचारलं. आपण वेळ सांगितली. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.”

इंदूवहिनींच्या डोळ्यांत या वेळी कांद्याविना पाणी आलं. रूपालीबाई हळूच म्हणाल्या, “बहात्तरवर नाही उघडणार हो.”

तेव्हा कोपऱ्यातला हात वर झाला. वर्गात मुलं करतात तसा.

“नियम नाही, पण... मी बोलू का?”

रूपालीबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. “बोला. ऐकून तर घेईल.”

अष्टपुत्रे उभे राहिले. त्यांनी यंत्राकडे न पाहता, टेबलावरच्या खडूकडे पाहत सुरुवात केली.

“वहिनींचं वाक्य बरोबर आहे. चूक प्रश्नात आहे. रागावू नका. मराठीत ‘ते गेले’ असं कुणी म्हटलं, तर ऐकणारा आधी विचारतो, ‘कुठे गेले?’ ‘कधी गेले?’ असं आपण आधी विचारतो ते वारलेल्या माणसाबद्दल. तुम्ही ‘कधी’ विचारलंत, म्हणजे मरण तुम्हीच आधी गृहीत धरलंत. वहिनींनी फक्त वेळ सांगितली. तुम्ही शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यावरून लावता, असं मी वाचलंय. पण त्या दिवशी ‘गेले’च्या शेजारी ‘कधी’ तुम्हीच आणून बसवलात. ‘कुठे’ विचारलं असतंत, तर वहिनी म्हणाल्या असत्या, वाचनालयात.” ते थांबले, आणि जरा घाईने म्हणाले, “मे महिन्यातल्या पत्रातही अर्धा त गळला होता. पण ते मी कळवायला हवं होतं. ती चूक माझी.”

मग यंत्रातून आवाज आला, “पहिल्या साक्षीदारांना पुन्हा विचारते. त्या दिवशी गजानन अष्टपुत्रे कुठे गेले होते?”

“वाचनालयात गं बाई,” इंदूवहिनी म्हणाल्या. “आन् दुपारी बाराला आलं बी!”

आकडा हलला. ऐंशी. सत्त्याऐंशी. चौऱ्याण्णव.

“नोंद उघडली आहे,” हजेरी म्हणाली. “अनुक्रमांक चारशे बारा. विचारायचा प्रश्न बदलण्यासाठी सूचना पुढे पाठवली आहे.”

सलीमभाईंनी समोरून चहा मागवला. अष्टपुत्रे सगळ्यांना “आभारी आहे” म्हणणार होते, त्याचंही वाक्य त्यांनी पाठ केलं होतं. पण ते काही आठवलं नाही, तेव्हा त्यांनी बाबूरावांचा कप आपल्या हाताने उचलून त्यांना दिला.

महिन्याभराने रूपालीबाई मतदारचिठ्ठ्या वाटत गल्लीत आल्या, तेव्हा त्यांनी मुद्दाम दार वाजवलं. जिल्ह्यात ‘गेले’ या एका शब्दावर वगळलेल्या एकशे बारा नावांच्या घरी हजेरीने पुन्हा फोन केले होते. या खेपेला ‘कुठे’ असं विचारून.

“सत्तावीस जण बाहेर गेलेले निघाले आजोबा! कुणी उसाला पाणी द्यायला, कुणी लेकीकडे, एक म्हातारी तर पत्ते खेळायला शेजारच्या आळीत. सगळ्यांची नावं परत चढली.”

चाळीस वर्षांत अष्टपुत्र्यांच्या हाताखालून किती मुद्रितं गेली. पण दुरुस्त केलेल्या शब्दाच्या जागी माणसं उठून उभी राहिलेली त्यांनी पहिल्यांदाच ऐकली. “बरं झालं,” ते म्हणाले, आणि चिठ्ठीवरचं आपलं नाव तपासलं. बरोबर होतं.

मतदानाच्या दिवशी गल्ली एकत्रच निघाली. शाळेच्या ओट्यावर रांग होती. इंदूवहिनी पुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुमचं नाव मी सांगू का मास्तर? आता पाठ झालंय.”

“नको,” अष्टपुत्रे म्हणाले. “मी सांगतो.”

टेबलापाशी त्यांनी सांगितलं. आवाज सुमतीसारखा खणखणीत नव्हता, पण टेबलामागच्या बाईंना पहिल्याच खेपेला ऐकू गेला. डाव्या तर्जनीवर शाई लागली. जग केवढं बदललं होतं, शाई मात्र तीच होती. बाहेर आल्यावर बाबूरावांनी डोळा मिचकावला, “कुणाला दिलं?”

“गुप्त असतं,” अष्टपुत्रे म्हणाले, आणि वाटभर स्वतःशी हसत आले.

घरी येताच त्यांनी शब्दकोश उघडला. ‘प’च्या पानात पत्र होतं, परतीचा लिफाफाही. उत्तराची मुदत उलटून पाच महिने झाले होते. मसुदा न करता त्यांनी ‘हो’च्या चौकोनात खूण केली. मग लाल शाईचं पेन काढून ‘पत्यावर’मध्ये एक लहानशी खूण केली आणि समासात अर्धा त लिहिला. खाली जागा उरली होती, तिथे लिहिलं : ‘उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. राहतो. शेजारी चांगले आहेत.’ लिफाफा चिकटवला.

दाराला कडी घालताना समोरून हाक आली, “कुठं निघाला मास्तर?”

“पोस्टाच्या पेटीपर्यंत. येतो.”

त्याच वेळी वहिनींचा फोन वाजला. कुणीतरी अष्टपुत्र्यांनाच विचारत असावं, कारण गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत त्यांचा आवाज मागून ऐकू येत राहिला : “भायेर गेल्यात. येतील आत्ता. न्हाई न्हाई, पेटीपर्यंत! येतीलच की!”

लाल पेटीच्या फटीत अष्टपुत्र्यांनी लिफाफा धरला. क्षणभर वाटलं, वेलांटी एकदा तपासावी का. मग त्यांनी बोटं सोडली, आणि आत, बाकीच्या पत्रांवर, तो अलगद पडल्याचा आवाज आला.